रिबाउंड कोणाचा?

बास्केटबॉलमध्ये शॉट चुकला की चेंडू रिंगवर किंवा बोर्डावर आपटून परत येतो. परत आलेला हा चेंडू जी खेळाडू ताब्यात घेईल तिच्या नावापुढे एक रिबाउंड लिहिला जातो. नियम एवढाच आहे आणि नोंद ठेवणाऱ्यांच्या टेबलावर त्यावरून सहसा वाद होत नाहीत.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. शॉट उजव्या कोपऱ्यातून निघालेला आहे. चेंडू हवेत असताना रिंगजवळ उभी असलेली बचावातली एक उंच मुलगी चेंडूकडे पाहतच नाही. ती आधी आपली प्रतिस्पर्धी कुठे आहे ते शोधते, तिच्याकडे पाठ फिरवते, गुडघे वाकवून कंबर खाली नेते आणि त्या मुलीला आपल्या पाठीवर तोलून धरते. मागची मुलगी डावीकडून वाट काढायला बघते, ही पायाची दोन छोटी पावलं टाकून तिथेही आडवी येते. याला बॉक्स आउट म्हणतात. दोन सेकंदांचं काम, पण पाठीत कोपर बसतं, बरगड्या दुखतात आणि जरा हात मागे गेला तर फाउल. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला की चेंडू बहुधा समोरच्या बाजूला जातो. तसा तो जातो, आणि तिथे उभी असलेली हिच्याच संघातली एक बुटकी गार्ड तो छातीशी धरते. तिला उडीसुद्धा मारावी लागत नाही, कारण जिने उडी मारली असती ती अजून त्या उंच मुलीच्या पाठीवर अडकलेली आहे.

कागदावर गार्डच्या नावापुढे एक. उंच मुलीच्या नावापुढे काही नाही.

हा प्रश्न खेळाच्या तंत्राचा वाटतो, पण मला तो बराच काळ नीतीचा प्रश्न म्हणून छळतो आहे. अमेरिकेत कॉलेजातल्या मुलींना बास्केटबॉलसाठी शिष्यवृत्ती मिळते. कोणाला घ्यायचं, कोणाला किती मिनिटं खेळवायचं, कोणाला पुढच्या वर्षी बाकावर बसवायचं हे कोणीतरी ठरवतं. ‘ही चांगली रिबाउंडर आहे’ हे वाक्य तिथे नुसतं कौतुक नसतं, त्यावर एखाद्या मुलीची चार वर्षांची फी अवलंबून असू शकते. तेव्हा ते वाक्य कशाच्या आधारावर म्हणायचं? कागद पाहून, की मुलगी पाहून? आणि मुलगी पाहून म्हणजे नेमकं काय पाहून?

मी अनुवादक आहे. पुस्तकांच्या जोडीने सबटायटल्सचंही काम करते, आणि त्या कामातून या खेळाशी माझी गाठ पडली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची पहाट. दुधाच्या पिशव्या दाराशी पडायच्या वेळेला मी सामने पाहत असते. काम संपलं तरी सवय राहिली.

या कामात पहिल्याच दिवशी समोर आलेली अडचण क्रियापदाची होती. इंग्रजी समालोचक म्हणतो की तिचे बारा रिबाउंड झाले. मराठीत काय म्हणायचं? ‘तिने बारा रिबाउंड घेतले’ की ‘तिला बारा रिबाउंड मिळाले’? इंग्रजीत दोन्हींसाठी एकच गुळगुळीत क्रियापद चालून जातं. मराठी मात्र तुम्हाला आधी विचारते की ती कर्ती होती की चेंडू तिच्याकडे चालत आला. ‘घेतला’ आणि ‘मिळाला’ यांच्यामध्ये आणखी ‘मिळवला’ आहे. त्यात खटपट आहे. त्याच्या पलीकडे ‘मिळवून दिला’ आहे, जो त्या उंच मुलीने केला. आणि सगळ्यात टोकाला ‘सोडला’ आहे, म्हणजे आपल्याला घेता आला असता तरी दुसरीची जागा चांगली होती म्हणून सोडला. नोंदीच्या कागदाला यातली पहिली तीन क्रियापदं एकसारखी दिसतात आणि शेवटची दोन दिसतच नाहीत.

आकडेवाल्यांना हे माहीत नाही असं मुळीच नाही. आकडे म्हणजे अडाणीपणा आणि नजर म्हणजे शहाणपण, अशी सोपी वाटणी साहित्याच्या लोकांना फार आवडते. मला ती खोटी वाटते. नुसत्या बेरजेवर विश्वास ठेवू नका हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात नेटकेपणाने आकड्यांच्या अभ्यासकांनीच सांगितलं आहे. समजा, एका सामन्यात चुकलेले शॉट्स ऐंशी होते आणि दुसऱ्यात पन्नास. दोन्हींत एकेकीने दहा रिबाउंड घेतले तर ते दहा सारखे नाहीत, कारण पहिलीसमोर ताट जास्त वाढलेलं होतं. म्हणून संख्या न मोजता वाटा मोजायचा: ती मैदानावर असताना परत आलेल्या चेंडूंपैकी किती टक्के तिने घेतले. त्यातही आपल्या संघाचा चुकलेला शॉट परत मिळवणं वेगळं आणि प्रतिस्पर्ध्यांचा चुकलेला शॉट घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात बचाव करणारी आधीच रिंगच्या जवळच्या बाजूला असते, तिचं काम सोपं. पहिल्या प्रकारात कोणाची तरी पाठ ओलांडून जावं लागतं. डीन ऑलिव्हर यांनी २००४ साली ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ हे पुस्तक लिहिलं. सामना जिंकायला जे चार घटक लागतात असं ते मांडतात, त्यांतला एक रिबाउंडिंग आहे, आणि तो त्यांनी असाच वाट्याच्या हिशेबाने मोजला आहे.

तरी उरतं ते उरतंच. २०२१ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना स्टॅनफर्ड आणि साउथ कॅरोलायना यांच्यात झाला. शेवटच्या सेकंदांत स्टॅनफर्ड ६६, साउथ कॅरोलायना ६५. ब्रिया बीलचा अगदी जवळून टाकलेला चेंडू चुकला, परत आला, आणि अलिया बॉस्टनच्या हाताला लागला. तिने तो पुन्हा रिंगकडे ढकलला आणि तोही बाहेर पडला. भोंगा वाजला. बॉस्टन मैदानावरच रडली, आणि ते चित्र पुढे कित्येक दिवस दाखवलं गेलं. आता पाहा, योग्य जागी पोचणं, चेंडूचा अंदाज घेणं, गर्दीतून हात वर जाणं हे सगळं त्या क्षणी तिने केलं होतं. रिबाउंडर म्हणून ती तिथे अचूक होती. लोकांच्या लक्षात राहिलं ते चुकलेलं शेवटचं टोक. म्हणजे आकडा जसा अपुरा पडतो तशी प्रेक्षकांची नजरही पडते, फक्त वेगळ्या दिशेने. आकडा निकालाकडे बघत नाही आणि नजर निकालाशिवाय दुसरं काही बघत नाही.

पुढच्याच वर्षी, २०२२ च्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने यूकॉनला ६४–४९ असं हरवलं. रिबाउंड होते ४९ विरुद्ध २४. बॉस्टनचे त्यात सोळा. हा आकडा नजरेला काही सांगत नाही असं कोण म्हणेल? दुपटीहून जास्त फरक म्हणजे एका संघाला दुसऱ्याने रिंगच्या आसपास फिरकू दिलं नाही. पण एकोणपन्नास हा संघाचा आकडा आहे. संघाच्या आकड्यावर माझा विश्वास बसतो. त्याची वाटणी करून एकेकीच्या पदरात टाकायला लागलो की शंका सुरू होते. एकत्र कुटुंबाने शेत पिकवावं आणि पोतं ज्याच्या हातून गाडीत चढलं त्याच्या नावावर पीक लिहावं, तसं काहीसं.

यावर एक उत्तर असं की मग बॉक्स आउटही मोजा. पुरुषांच्या व्यावसायिक लीगने ते मोजायला सुरुवात केली आहे, आणि अनेक कॉलेजांचे प्रशिक्षक आपल्यापुरता तसा हिशेब ठेवतात. ठेवावाच. उंच मुलीच्या नावापुढे काहीतरी पडेल. पण मोजणी जिथपर्यंत जाते त्याच्या एक पाऊल पुढे काहीतरी असतंच. एखादी मुलगी वर्षभर इतकी चिवट बॉक्स आउट करते की पुढच्या सामन्यात प्रतिस्पर्धी तिच्या बाजूने येतच नाही. त्या सामन्यात तिचे बॉक्स आउट कमी भरतील, कारण अडवायला कोणी आलंच नाही. तिची कीर्ती काम करते आहे, आणि कीर्तीचा रकाना नाही. किंवा दुसरी एखादी. तिला दिसतं की चेंडू आपल्या संघाच्या दोघींच्या हातात जाणार आहे, तिसरीने तिकडे धावणं म्हणजे गर्दी. ती वळते आणि मागे धावत जाते, कारण चेंडू त्या दोघींच्या हातून निसटला तर प्रतिस्पर्ध्यांचा जलद हल्ला अडवायला कोणीतरी हवं. चेंडू निसटत नाही. तिची धाव वाया जाते. किंवा वाया जात नाही. आपल्याला ते कधीच कळणार नाही, कारण न घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो.

मला या खेळात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, सोडणं. हाव धरली तर दोन रिबाउंड जास्त मिळतील हे ठाऊक असताना न जाणं. पण याचीही कविता करायला नको, कारण सोडणारी आणि आळशी या दोघी कागदावर सारख्याच दिसतात. दुरूनही सारख्याच दिसतात. कोणती कोण हे सांगायला तिला सामन्यामागून सामना पाहावं लागतं. तिची मान कुठे वळते, पाय कधी हलतो, चेंडू निघाल्याबरोबर की रिंगला लागल्यावर. शॉट मारणारी कोण आहे त्याप्रमाणे तिची जागा बदलते का, कारण प्रत्येकीचा चुकलेला शॉट वेगळ्या ठिकाणी पडतो आणि रोज सराव करणाऱ्या मैत्रिणीला ते माहीत असायला हवं. पहिली उडी फसली तर दुसरी किती लवकर येते. मुलींच्या खेळात ही जागेची अक्कल फार स्पष्ट दिसते, कारण बहुतेक सगळी झटापट दहा फुटांवरच्या रिंगच्या खालीच होते आणि नुसत्या उडीने चूक झाकता येत नाही.

तर नजर. पारखी नजर. इथे एका बहीण-भावाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे बास्केटबॉल शोधून काढला, आणि लगेच, १८९२ मध्ये, तिथून जवळच असलेल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवायला घेतला. लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातली ही बाई. १८९३ मध्ये तिथे मुलींचा पहिला सामना झाला तेव्हा पुरुषांना आत येऊ दिलं नव्हतं. सेंडाने मुलींसाठी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले, कोणी आपला भाग सोडून जायचं नाही, आणि दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही. मुलींच्या अंगात दांडगाई शिरेल या भीतीचा तो काळ होता. मुलींना खेळता तरी यावं म्हणून तिने ती किंमत मोजली असंही म्हणता येईल. पण तिचा परिणाम असा की ज्या खेळाचा अर्धा जीव परत आलेल्या चेंडूसाठीच्या झटापटीत आहे, तो मुलींच्या हाती आला तोच ‘झटू नका’ या अटीसह.

सेंडाचा थोरला भाऊ म्हणजे बर्नार्ड बेरेन्सन, इटालियन चित्रकलेचा जगप्रसिद्ध पारखी. सही नसलेलं चित्र कोणाचं हे तो नुसतं पाहून सांगायचा. जोव्हान्नी मोरेल्ली यांच्याकडून आलेली ती पद्धत: मुख्य चेहऱ्याकडे बघू नका, कानाची पाळी बघा, बोटांची नखं बघा, कारण जिथे चित्रकार बेसावध असतो तिथेच तो स्वतः सापडतो. बहिणीच्या खेळाला ही पद्धत किती चपखल बसते! चेंडूकडे बघू नका, मागच्या पायाची टाच बघा. आणि त्याच भावाबद्दल नंतर उघड झालं की जोसेफ ड्यूव्हीन या चित्रविक्रेत्याशी त्याचा गुप्त व्यवहार होता आणि चित्र विकलं गेलं की त्याला त्यात हिस्सा मिळायचा. पारखी नजरेला कुठलाच पडताळा नव्हता. तो म्हणेल ते, इतकंच. ही नजर किती शुद्ध आणि किती विकलेली, हे विचारायचं कोणाला?

प्रशिक्षकाची नजर विकली जाते असं मला म्हणायचं नाही. पण नजर रिकामी कधीच नसते. काळी मुलगी असेल तर ‘ताकद’, गोरी असेल तर ‘डोकं’, हे समालोचनातले शब्द मी इतक्यांदा मराठीत आणले आहेत की ते कधी येणार हे मला आधीच कळतं. एकच बॉक्स आउट, एकीच्या बाबतीत तो स्नायूंचा आणि दुसरीच्या बाबतीत बुद्धीचा. आकड्यांना हा रोग होत नाही. बारा म्हणजे बाराच.

आणखी एक गोष्ट आकड्यांच्या बाजूने बोलायला हवी, आणि ती मला सगळ्यात वजनदार वाटते. ‘आकड्यांच्या पलीकडे बघा’ हा उपदेश ज्यांचे आकडे आधीपासून नीट लिहिले गेले आहेत त्यांना शोभतो. आयोवा राज्यात शाळकरी मुलींचा सहा-सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. मैदान मधोमध विभागलेलं. तीन मुली फक्त हल्ला करणार, तीन फक्त बचाव, मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. बचावातल्या मुलीने चुकलेला चेंडू घ्यायचा, रेघेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे द्यायचा. तिने शॉट मारायचाच नाही. भरलेल्या सभागृहापुढे चार वर्षं खेळून शून्य गुण घेऊन घरी गेलेल्या किती मुली असतील! कॉलेजातली कथा वेगळी पण त्याच घराण्यातली. मुलींच्या कॉलेज स्पर्धा आज जी संघटना चालवते, त्या एनसीएएने त्या १९८१–८२ च्या हंगामापासून हाती घेतल्या. त्याआधीची संघटना वेगळी होती. कॅन्ससच्या लिनेट वुडार्डने त्या जुन्या संघटनेच्या काळात ३,६४९ गुण केले होते. केटलिन क्लार्क २०२४ च्या फेब्रुवारीत एनसीएएचा विक्रम मोडून पुढे गेली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की त्या विक्रमाच्या वर आणखी एक नाव होतं आणि ते अधिकृत यादीत नव्हतं. वुडार्डने शॉट मारले होते, चेंडू जाळीतून गेले होते. लिहिणारी वही दुसरी होती, इतकंच.

शिवाय पहिल्या श्रेणीत मुलींचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. त्यांतल्या मूठभरांचे सामने ठळकपणे दाखवले जातात. डाकोटातल्या किंवा मेनमधल्या एखाद्या लहान कॉलेजात खेळणारी मुलगी जगाच्या दृष्टीने असते ती फक्त तिच्या आकड्यांमुळे. नजर ही चैन आहे. ती ज्यांच्याकडे वळते त्यांच्याकडेच पुन्हा वळते. ‘मला मुलगी प्रत्यक्ष पाहायची आहे’ असं म्हणणारा प्रशिक्षक न्यायी वाटतो, पण तो विमानाने कुठल्या गावाला जाणार हे बहुधा आकडे पाहूनच ठरलेलं असतं.

अँजेल रीसच्या वाट्याला आलेली थट्टा या दोन्ही बाजूंच्या मधोमध पडते. २०२२–२३ च्या हंगामात लुइझियाना स्टेटकडून खेळताना तिने ३४ सामन्यांत गुण आणि रिबाउंड दोन्हींचा दोन आकडी टप्पा गाठला. एका हंगामातला तो विक्रम आहे, आणि त्या संघाने अंतिम सामन्यात आयोवाला १०२–८५ हरवलं. पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेल्यावर टीकाकारांनी शोध लावला की तिचे बरेच रिबाउंड तिच्याच चुकलेल्या शॉटचे असतात. त्याला नाव पडलं ‘मीबाउंड’. इंग्रजी ‘मी’ आणि मराठी ‘मी’ यांचा अर्थ इथे इतका जुळतो की अनुवाद करायची गरजच नाही. रीसने २०२५ मध्ये त्या शब्दाच्या व्यापारी हक्कासाठीच अर्ज केला, हे मला फार आवडलं. मुद्द्याचं म्हणाल तर टीकाकार हिशेबात लबाडी करतात. शॉट चुकला त्याची वजाबाकी नेमबाजीच्या रकान्यात झालेलीच असते. तीच चूक रिबाउंडच्या रकान्यातून पुन्हा वजा करणं म्हणजे एकाच कर्जाचे दोनदा पैसे मागणं. पण या थट्टेमागे एक खरी अस्वस्थताही आहे, की रिबाउंडिंगला आपण जो निःस्वार्थीपणा चिकटवला आहे तो इथे बसत नाही. मग प्रश्न असा की तो आपण का चिकटवला? गुण करणारी स्वार्थी आणि रिबाउंड घेणारी त्यागी, ही वाटणी कोणाच्या सोयीची आहे? मुलींकडून त्यागाची अपेक्षा करायला आपल्याला नवा खेळ लागत नाही.

इथे मला आयरिस मर्डॉक आठवते. १९७० साली आलेल्या ‘द सॉव्हरिनटी ऑफ गुड’ या पुस्तकात तिने एका सासूचं उदाहरण घेतलं आहे. सासूला सून आवडत नाही. उथळ, पोरकट, जरा गावंढळ वाटते. वागण्यात मात्र सासू कधीच काही दाखवत नाही. मग एक दिवस ती स्वतःशी म्हणते की मी कदाचित पूर्वग्रहाने बघते आहे, पुन्हा बघू या. आणि हळूहळू तिला उथळपणाच्या जागी मोकळेपणा दिसायला लागतो. बाहेर काहीच बदलत नाही. सून दूर गेलेली असो की मेलेली असो, तरीही काहीतरी घडलं आहे, असं मर्डॉकचं म्हणणं. सासू-सुनेच्या हजारो गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला हे उदाहरण परकं वाटू नये. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते ‘पुन्हा’. पहिली नजर पारख्याची असते, दुसरी न्यायाची. आकड्यांचा खरा उपयोगही मला इथेच दिसतो. प्रशिक्षकाला एखादी मुलगी ढिली वाटते आणि कागद सांगतो की ती मैदानावर असते तेव्हा संघाचा रिबाउंडचा वाटा वाढतो, तिच्या स्वतःच्या नावावर काही नसलं तरी. कागद तिथे निकाल देत नाही. तो मानेला हात लावून चेहरा पुन्हा त्या मुलीकडे वळवतो.

पण स्वतःकडे कोणत्या नजरेने बघायचं? कोर्टनी पॅरिस ओक्लाहोमा विद्यापीठाकडून २००५ ते २००९ अशी चार वर्षं खेळली. कारकिर्दीत २,०३४ रिबाउंड. सलग ११२ सामने तिने गुण आणि रिबाउंड दोन्हींत दोन आकडी टप्पा गाठला होता. पहिल्याच वर्षी एका हंगामात सातशे गुण, पाचशे रिबाउंड आणि शंभर ब्लॉक करणारी ती एनसीएएच्या इतिहासातली पहिलीच खेळाडू ठरली, मुलगे धरून. आणि शेवटच्या वर्षी तिने जाहीरपणे सांगितलं की आम्ही राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं नाही तर मी माझी शिष्यवृत्ती परत करीन. तसं तिच्याकडे कोणी मागितलं नव्हतं. उपांत्य सामन्यात लुइव्हिलकडून ओक्लाहोमा ६१–५९ असा हरला. दोन गुणांनी.

तिच्या शब्दांचं काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एका बाजूने ते उदात्त आहेत: स्वतःच्या नावावरच्या दोन हजार नोंदी बाजूला सारून तिने संघाचा एकच आकडा खरा मानला, जे मी वर मोठ्या तोऱ्यात सुचवलं आहे. दुसऱ्या बाजूने ते ऐकवत नाहीत. एकवीस वर्षांची मुलगी, जिच्या खेळाच्या तिकिटांवर आणि प्रक्षेपणांवर इतरांनी पैसे कमावले, ती म्हणते की मी तुमची देणेकरी आहे. तिने केलेल्या प्रत्येक बॉक्स आउटची, प्रत्येक कोपराची, पहाटेच्या प्रत्येक सरावाची किंमत तिच्या मते फिटलेली नव्हती. इतकी मोठी नोंदवही जिच्या नावावर आहे तिला जर स्वतःची खतावणी अशी दिसत असेल, तर ज्यांच्या नावावर काहीच लिहिलं गेलं नाही त्यांना ती कशी दिसत असेल? २०१८ साली पॅरिसच्या हाती विजेतेपद आलं, सिॲटलच्या व्यावसायिक संघाबरोबर. तेव्हा ती राखीव खेळाडू होती, फार थोडा वेळ मैदानावर यायची.

सबटायटलच्या एका ओळीत साधारण चाळीस अक्षरं मावतात, आणि ती पडद्यावर दोन-तीन सेकंद टिकते. ‘तिला मिळाला’ सहज बसतं. ‘हिने अडवून धरली म्हणून तिला मिळाला’ हे बसवायचं म्हणजे समालोचकाचं पुढचं वाक्य कापावं लागतं. त्याचं पुढचं वाक्य बहुतेक वेळा गुणांचं असतं, जे पडद्याच्या कोपऱ्यात तसंही लिहिलेलं असतं. मी ते कापते.